तेलात पाहायचा चेहरा

मनकर्णाबाईंनी पिशवीतून काशाची वाटी काढली, तिळाच्या तेलाची बाटली काढली आणि दोन्ही माझ्या टेबलावर, चाचण्यांच्या पेट्यांशेजारी, ठेवली.

"परवा मूळशांत उरकली, ताई," त्या म्हणाल्या. "होम झाला, ब्राह्मण जेवले. आता एवढंच ऱ्हायलंय. रविराजनं पोरीचं तोंड आधी तेलात बघायचं, मग सरळ. मग न्यायला आमी मोकळे."

"कुठे न्यायला?"

"कुठं म्हंजे? घरी! नव्या सुनेला सातवा लागलाय. बाळ येनार, हाताशी कुनी तरी पायजे न्हवं? आठ वर्सांची झाली की आता पोरगी."

रविराज बाहेरच्या बोळात भिंतीकडे तोंड करून उभा होता. आत त्याची मुलगी होती, आणि वाटीत तेल ओतलं जाईपर्यंत त्यानं तिच्याकडे पाहायचं नव्हतं.

मनकर्णाबाई या माझ्या धाकट्या बहिणीच्या, माधुरीच्या, सासूबाई. माधुरी त्यांना आत्याबाई म्हणायची, म्हणून मीही म्हणते. माधुरी आता नाही. तिची मुलगी संस्कृती गेली चार वर्षं नगरला, सावेडीत, माझ्याकडे राहते. मी बालमानसतज्ज्ञ आहे. मुलांचं लक्ष, स्मृती, भाषा आणि विचार करण्याची क्षमता मोजणं हे माझं काम. संस्कृतीचं मोजमाप मी स्वतः करत नाही. नात्यातल्या माणसानं केलेलं मोजमाप विश्वासार्ह नसतं. ते पुण्याच्या एक सहकारी करतात. त्यांचे आकडे मात्र मला पाठ आहेत.

माधुरी बाळंतपणानंतर आठवड्याच्या आत जंतुसंसर्गानं गेली. कारण वैद्यकीय होतं आणि टाळता येण्यासारखं होतं. परंतु कोपरगावच्या पुढे, गोदावरीकाठच्या त्यांच्या वस्तीवर, तोवर दुसरं कारण ठरून गेलं होतं. मूल मूळ नक्षत्रावर जन्मलं होतं. अशा मुलाचा बापाच्या जिवाला धोका असतो आणि शांती होईपर्यंत बापानं त्याचं तोंड पाहू नये, असा समज आहे. आई तर गेलीच, आता माझ्या मुलाची पाळी, असं मनकर्णाबाई धरून चालल्या. गुरुजी म्हणाले, शांतीला यंदा योग नाही. पुढच्या वर्षीही नव्हता. दरम्यान मुलीची व्यवस्था गोठ्यामागच्या खोलीत झाली. बापानं तोंड पाहायचं नाही, इतकाच मूळ नियम. तिचा आवाजही त्याच्या कानावर पडू नये, ही भर मनकर्णाबाईंची स्वतःची.

त्या खोलीत कुणी तिला उपाशी ठेवलं नाही. भागूबाई नावाची शेजारची म्हातारी दोन्ही वेळा येऊन दूध पाजायची, न्हाऊ घालायची, दुपटी बदलायची. लसी वेळेवर टोचल्या गेल्या. अंगणवाडीच्या तक्त्यावर वजनाची रेघ नेहमी हिरव्या पट्ट्यात राहिली. फक्त भागूबाईला ताकीद होती की पोरीशी बोलायचं नाही. बोललं की ती हसते, हुंकार देते, आणि आवाज बाहेर जातो.

"पयल्यांदा लई रडायची," भागूबाईनं मला नंतर सांगितलं होतं. "मंग आपापली गप ऱ्हायला शिकली. लई गुनाची पोर."

मेंदू जन्मतः पूर्ण होऊन येत नाही. पहिल्या काही वर्षांत मज्जापेशींमधल्या जोडण्या गरजेपेक्षा कितीतरी अधिक फुटतात. ज्या वापरात येतात त्या टिकतात, बाकीच्या छाटल्या जातात. हा वापर अगदी साधा असतो. मूल आवाज करतं, कुणी तरी उत्तर देतं. मूल बोट दाखवतं, कुणी तरी तिकडे पाहतं. या देवाणघेवाणीवर पुढे भाषा उभी राहते, आणि भाषेच्या आधारानं थांबणं, आठवणं, मन वळवणं, म्हणजे ज्याला आपण विचार म्हणतो तो. गुणाची पोर गप्प झाली ती समजूतदारपणामुळे नव्हे. हाकेला उत्तर येत नाही, हा निष्कर्ष तिच्या मेंदूनं अचूक काढला, आणि न लागणारं सामान मोडीत घातलं.

मी त्या काळात बेंगळुरूला नोकरीत होते. फोनवर दर वेळी 'पोरगी गुटगुटीत हाय' असं उत्तर मिळे, आणि ते खोटं नव्हतं. माधुरीच्या चौथ्या वर्षश्राद्धाला मी वस्तीवर गेले आणि मुलीला पाहायचंच म्हणून हटून बसले. ती भिंतीला पाठ लावून बसली होती आणि मागेपुढे झुलत होती. मी हाक मारली. तिचे कान उत्तम आहेत, हे नंतर तपासून घेतलं. तरी तिनं मान वळवली नाही. मानवी आवाज हा तिच्या लेखी पंख्याच्या घरघरीसारखा एक आवाज होता.

मी तिला त्याच दिवशी गाडीत घातलं. कुणी अडवलं नाही. कायद्यानं पालक रविराज होता आणि तो मागेल त्या दिवशी मला ती परत द्यावी लागली असती; परंतु मागायचं तर तोंड पाहावं लागलं असतं. ज्या नक्षत्राच्या भीतीनं तिची बुद्धी खाल्ली, त्याच भीतीनं तिला चार वर्षं माझ्याकडे सुरक्षित ठेवलं होतं. त्या भीतीचा मी निःसंकोच उपयोग करून घेतला.

एकाच गोष्टीची मला आस होती. शिक्षा, कोर्ट, बदनामी यांत मला रस नव्हता. आपण काय केलं हे मनकर्णाबाईंना कळावं, एवढंच हवं होतं. मी एकदा वस्तीवर जाऊन त्यांना सगळं समजावून सांगितलं होतं. आलेख दाखवले होते. अनाथालयांत उत्तरासाठी कुणी नसलेल्या मुलांचं काय होतं, आणि त्यांतली जी लवकर घरात जातात ती कशी सावरतात, तेही सांगितलं होतं. त्यांनी सगळं नीट ऐकून घेतलं, चहा दिला आणि म्हणाल्या, "माझा लेक जित्ता हाय न्हवं? मंग झालं तर." या युक्तिवादाला तोड नाही. रविराज खरोखरच जिवंत होता.

आणि आता वाटी माझ्या टेबलावर होती.

"तेल ओतायच्या आधी एक दाखवते," मी म्हणाले. "बसा."

संस्कृतीला बोलावलं. ती आली आणि सरळ मनकर्णाबाईंच्या मांडीला टेकून उभी राहिली.

"बया! आजीला वळखलं की गं!" मनकर्णाबाई हरखल्या.

मी टेबलावर दोन डबे ठेवले. एकावर लाल सशाचं चित्र, दुसऱ्यावर निळ्या होडीचं. हातात पत्ते दिले, त्यांवर निळे ससे आणि लाल होड्या.

"संस्कृती, आधी रंगाचा खेळ. लाल लालमध्ये, निळं निळ्यात."

तिनं पत्ते भराभर टाकले. एकही चुकला नाही.

"शाब्बास! लई हुशार की!" मनकर्णाबाई म्हणाल्या.

"आता चित्राचा खेळ. ससा सशात, होडी होडीत. सांग बरं, ससा कुठे जाणार?"

"सशात," संस्कृती म्हणाली.

"मग हा टाक."

पत्त्यावर निळा ससा होता. तिनं तो निळ्या होडीच्या डब्यात टाकला.

"ससा कुठे जाणार?"

"सशात." आणि पुढचा निळा ससा पुन्हा होडीच्या डब्यात गेला. नियम तिला तोंडपाठ होता. हात मात्र जुन्याच नियमानं चालत होता, आणि तोंडाचं हाताला ऐकू जात नव्हतं. उरलेले सगळे पत्ते तिनं तसेच टाकले आणि शाबासकीसाठी आमच्या दोघींकडे पाहिलं.

मनकर्णाबाईंनी पत्ते ओढून घेतले. "आन हिकडं." रंगाचा खेळ झाला, चित्राचा झाला. दोन्ही बिनचूक. त्या हसल्या. "ह्यात काय हाय? हे तर बारकं पोरगंबी करील!"

"करतं," मी म्हणाले. "चार-पाच वर्षांचं सहज करतं."

त्यांचं हसू थोडं मागे सरलं. "मंग हिला का न्हाई जमत?"

"नवा नियम आला की जुना हातातून सोडायचा असतो. ते काम कपाळामागचा मेंदू करतो. तो पहिल्या वर्षांत माणसांच्या बोलण्यावर वाढतो. हिच्याशी कुणी बोललं नाही."

"आता बोलता की तुमी. चार वर्सं."

"म्हणून ती वाक्यं बोलते. नाहीतर तेही झालं नसतं. अजून सुधारेल. किती, ते माहीत नाही. आणि तुमच्याकडे बाळ सांभाळायला गेली, तर आहे तेही जाईल."

मनकर्णाबाईंनी पत्त्यांची चवड नीट करून माझ्यापुढे सरकवली. "नशीब तिचं," त्या म्हणाल्या. "मला काय आनंद हुता का, ताई? लेकरू माझंबी हुतंच की. पन दोघांतला एकच वाचनार असंल तर आई काय करंल? तुमाला न्हाई कळायचं. तुमाला मूल न्हाई."

मी संस्कृतीला शेजारच्या खोलीत, माझी मदतनीस जिथे बसते तिथे, चित्र रंगवायला पाठवलं. माझा आवाज स्थिर होता. मी तो स्थिर ठेवला होता.

"तुमाला काय म्हाईत त्या दिवसाचं," मनकर्णाबाई आता सैल होऊन बोलू लागल्या. "सोमवारचा बाजार करून आलो आमी दोघी. माधुरीनं सोताच्या हातानं भाजीची पिशवी उतरवली, मी वराडले तिला, अगं जड हाय, ठेव. सांच्याला कळा लागल्या. रविराजनं गाडी काढली. दवाखान्यात राती दोनला झाली पोरगी. दिस उगवायच्या आत मी रविराजला गुरुजींकडं धाडलं. हातानं मांडलेली न्हाई, कंप्युटरची पत्रिका हाय. कंप्युटर कुठं चुकतोय का?"

मी लिहायचं पेन खाली ठेवलं.

"पत्रिका आणली आहे?"

"आनलीय की. तेल बघताना नाव-नक्षत्र वाचावं लागतं."

प्लास्टिकमध्ये मढवलेला कागद त्यांनी पिशवीतून काढला. चार वर्षांत मी तो एकदाही मागितला नव्हता. अशा कागदांना मी हात लावत नाही. वर जन्मवेळ छापली होती: सोमवार, पहाटे दोन.

संस्कृतीचं नाव शाळेत मीच घातलं. तिच्या जन्मदाखल्यावर मंगळवार होता. एक कागद शाळेसाठी, एक देवासाठी. दोन्ही शेजारी ठेवून पाहण्याचं कारण कुणालाच कधी पडलं नव्हतं.

घोटाळा साधा होता. वस्तीवर दिवस उजाडल्यावर बदलतो. सोमवारी निजायला गेलेल्या माणसाला पहाटेपर्यंत सोमवारच असतो. संगणकाचा दिवस मध्यरात्री बदलतो. 'सोमवारी रात्री दोनला' असं त्याला सांगितलं की तो रविवारच्या निजानिजेनंतरचे दोन धरतो. एक अख्खा दिवस मागे. आणि चंद्र साधारण एका दिवसात एक नक्षत्र ओलांडतो, हे मी शाळेत शिकले होते. त्यात श्रद्धेचा काही भाग नाही. गुरुजींनी हातानं पंचांग उघडलं असतं तर 'बाजारच्या रात्री का?' एवढं तरी विचारलं असतं.

म्हणजे ती मूळ नक्षत्रावर जन्मलीच नव्हती. त्यांच्याच शास्त्रानं.

मी गप्प बसू शकत होते. मग तेल ओतलं गेलं असतं आणि त्या संस्कृतीला घेऊन गेल्या असत्या. मी खोटंही बोलू शकत होते. शांती चुकीच्या मुहूर्तावर झाली, दोष दुप्पट झाला, असं काही पुटपुटले असते तर मायलेक पिशवी उचलून पळाले असते आणि संस्कृती आणखी काही वर्षं माझ्याकडे बिनधोक राहिली असती. ते शहाणपणाचं होतं. खरं सांगितलं तर भीतीच संपणार होती. तिला न्यायला रविराजला मग वाटीचीसुद्धा गरज उरणार नव्हती. हे सगळं मला त्या क्षणी स्पष्ट दिसत होतं. तरीही मी खरं निवडलं. सत्यावरच्या प्रेमानं नव्हे. माझ्याकडे त्यांच्या मापाचं दुसरं हत्यार नव्हतं.

"रविराज," मी दार उघडून हाक मारली, "आत या. मुलगी दुसऱ्या खोलीत आहे. घाबरू नका."

तो खाली पाहत आला आणि खुर्चीच्या टोकावर बसला. पस्तिशीचा, उंच, अंगानं मजबूत माणूस.

"आत्याबाई, तुमचा बाजार कोणत्या वारी?"

"सोमवारी. आता इचारताय व्हय!"

"माधुरीला कळा बाजाराच्या आधी लागल्या की नंतर?"

"नंतर. सांगितलं की मघाशी. पिशवी उतरवली तिनं."

"आणि मूल झालं रात्री दोनला."

"व्हय, बाई, व्हय. किती येळा?"

"रविराज, गुरुजींना वेळ कुणी सांगितली?"

"मीच सांगितली, ताई. सोमवारी रात्री दोनला झाली म्हणून."

मी पत्रिका त्याच्याकडे फिरवली. "वाचा."

त्यानं वाचलं. मग पुन्हा वाचलं. तो शेतकरी आहे. उसाला रात्रीच्या विजेवर पाणी धरतो. कोणत्या तारखेच्या पहाटे वीज येणार, हे त्याला नेमकं पाहावं लागतं. मला पुढे काही सांगावं लागलं नाही.

"हे तर रविवारच्या रात्रीचं झालं," तो हळू म्हणाला. "आई, त्या वेळी तर आपण सगळे झोपलेलो. बाजार व्हायचा होता अजून."

"म्हंजे?"

त्यानं खिशातून मोबाईल काढला. पत्रिकेचं ॲप त्याच्याकडे होतंच. मंगळवारची तारीख घातली, पहाटेचे दोन घातले. पडद्याकडे पाहत राहिला. पुसून पुन्हा घातलं. मग एक तास मागे, एक तास पुढे.

"काय आलं रं?"

"पूर्वाषाढा."

"त्याला काय दोष अस्तो?"

"काय न्हाई." इतका वेळ जपून शहरी बोलणाऱ्या रविराजची भाषा घसरली. "कायबी न्हाई, आई."

"मोबाईल चुकला आसंल. गुरुजींला लाव फोन. लाव!"

त्यानं लावला. मनकर्णाबाईंच्या आग्रहावरून स्पीकर चालू केला. गुरुजी प्रसन्न होते. मंगळवार पहाटे दोनचा जन्म म्हटल्यावर त्यांनी काही कळा दाबल्याचा आवाज आला. "पूर्वाषाढा. उत्तम नक्षत्र. शांतीबिंतीची गरज नाही, खुशाल बारसं करा. कुणाचं बाळ, रविराज? पाहुण्यांत झालं काय?"

रविराजनं फोन बंद केला.

वाटी, बाटली आणि पत्रिका टेबलावर तशीच होती. मनकर्णाबाईंनी पदर तोंडाशी नेला, खाली आणला. त्यांची नजर टेबलावरून फिरत होती, आणि मग ती माझ्यावर थांबली. तिच्यात एक चमक आली. त्यांना वाट सापडली होती.

"ताई, तुमी तर म्हनता, ही नक्षत्रं-बिक्षत्रं समदी थोतांड. म्हनता न्हवं?"

"म्हणते."

"मंग हे मोबाईलवरचंबी थोतांडच झालं!"

"थोतांडच आहे."

त्यांनी श्वास सोडला. तो मी त्यांना पूर्ण सोडू दिला.

"म्हणजे ती मूळ नक्षत्रावर जन्मली असती, तरी रविराजला काही झालं नसतं," मी म्हणाले. "नक्षत्रं खरी असतील, तर तिच्यात दोष नव्हता. खोटी असतील, तर दोष असा नसतोच. यांतलं कोणतंही धरा, आत्याबाई. जे सोयीचं वाटेल ते."

त्यांनी धरून पाहिलं. ते मला त्यांच्या चेहऱ्यावर दिसत होतं: आधी एक, मग दुसरं, मग परत पहिलं. दोन्हीकडे दार बंद होतं. ज्यासाठी मी चार वर्षं थांबले होते ते माझ्यासमोर घडत होतं आणि मी डोळेही मिटत नव्हते.

"ताई," रविराज उठला. "मला तिला बघायचंय."

"वाटी?" मी विचारलं.

त्यानं वाटीकडे पाहिलंसुद्धा नाही. शेजारच्या खोलीचं दार ढकललं. संस्कृती जमिनीवर बसून एका मोठ्या माशाला हिरवा रंग देत होती. तिनं वर पाहिलं. ती हुबेहूब माधुरीसारखी दिसते. हे त्याला कुणी सांगितलं नव्हतं.

तो तिच्यासमोर गुडघ्यांवर बसला. संस्कृतीनं ब्रश खाली ठेवला आणि रंगानं भरलेला हात त्याच्या हातात दिला. "चल," ती म्हणाली. "आपण जाऊ."

रविराजला हुंदका आवरेना. "ताई, बघा. वळखलं तिनं. रक्त वळखतंच. मी घेऊन जातो हिला. कामाला न्हाई, कामाला नेत न्हाई, शपथ घेतो. मी भरून काढीन सगळं. रोज बोलीन तिच्याशी."

मी याच गोष्टीला भ्याले होते. आणि याचंही उत्तर माझ्याकडे तयार होतं, खरं उत्तर.

"ती कुणाचाही हात धरते, रविराज," मी म्हणाले. "मघाशी आत्याबाईंना टेकली, ती ओळखीनं नव्हे. मागच्या आठवड्यात पाण्याचे जार देणाऱ्याचा हात धरून जिना उतरून निघाली होती. रस्त्यावर गाठली तिला. आपलं कोण आणि परकं कोण, हे बाळ पहिल्या वर्षा-दोन वर्षांत शिकतं. रोज तोच चेहरा, तोच आवाज पुन्हा पुन्हा येऊन शिकवतो. तिला कुणी शिकवलं नाही. आता चार वर्षांनी ती माझ्याकडे वळून पाहायला लागली आहे, खोलीतून मी बाहेर पडले तर. मागच्या दिवाळीपासून. तेवढंच कमावलंय. न्यायचं तर न्या. कायदा तुमच्या बाजूनं आहे."

त्याच्या हातात अजून तिचा हात होता. हिरवा रंग त्याच्या बोटांना लागला होता. संस्कृती दाराकडे ओढत होती. "चल ना." तिला कुठे जायचं होतं असं नाही.

मी दारातून दोन पावलं मागे सरकले, तिच्या नजरेआड. ओढणं थांबलं. ती वळली आणि मी कुठे गेले ते पाहू लागली.

हे रविराजनं पाहिलं. त्यानं हात अलगद सोडवून घेतला.

"तुमच्याकडंच ऱ्हाऊ द्या," तो म्हणाला.

"कोर्टात तसं सांगाल?"

"सांगतो. कवाबी बोलवा." मग भिंतीकडे पाहत, कुणालाच नव्हे, म्हणाला, "गोठ्यात धारा काढायचो रोज. भिंतीपलीकडं तर हुती ती. कधी आवाज आला न्हाई म्हणून वाटायचं, बरी असंल."

तो आईला न घेता जिना उतरून गेला.

मनकर्णाबाई मागे राहिल्या. त्यांनी वाटी उचलली, पुन्हा ठेवली. एवढ्या वेळात त्या लहान झाल्यासारख्या दिसत होत्या. हे अर्थातच माझ्या नजरेचं मोजमाप, विश्वासार्ह नव्हे.

"ताई," त्या म्हणाल्या, "तुमी शिकल्यासवरल्या. खोटं बोलत न्हाई तुमी, एवढं म्हाईत हाय मला. आमच्यामुळंच झालं का हे? का मुळातच तशी हुती पोरगी? माधुरीला ताप हुता शेवटी, त्याचं काय झालं आसंल का पोटात? खरं काय ते सांगा."

मला 'हो' म्हणता आलं असतं. माझी खात्री आहे. परंतु खात्री म्हणजे पुरावा नव्हे. पुष्कळ मुलांबद्दल जे ठामपणे सांगता येतं, ते एका मुलाबद्दल त्याच ठामपणे सांगता येत नाही. माधुरीचा ताप बाळंतपणानंतरचा होता, तरी जन्मवेळी आणखी काही घडलंच नसेल, असं मी शपथेवर म्हणू शकत नाही. 'हो' म्हटलं असतं तर त्या रडल्या असत्या, देवळात गेल्या असत्या, काही तरी प्रायश्चित्त करून मोकळ्या झाल्या असत्या. ठाम उत्तराशी माणूस कधी तरी समेट करतो.

"बहुतेक तुमच्यामुळे," मी म्हणाले. "पण नक्की सांगता येत नाही."

"मंग कधी कळंल?"

"कधीच नाही. नक्की कळायला दुसरी संस्कृती लागेल. हीच, याच पोटची, याच रात्री जन्मलेली. फक्त तिच्याशी तुम्ही बोलला असता. मग दोघींना शेजारी बसवून पत्ते दिले असते."

त्या दारात उभ्या राहिल्या. खालून रविराजनं गाडीचा हॉर्न दिला. वाटी त्यांनी नेली नाही. संस्कृती आता तिच्यात रंगाचं पाणी घेते.

रविराजला मुलगा झाला. कोर्टात त्यानं दिलेला शब्द पाळला आणि संस्कृतीचं पालकत्व माझ्याकडे आलं. अधूनमधून तो येतो, तिच्याजवळ जमिनीवर बसतो; ती त्याचा हात धरते आणि तो तो हात काही क्षण धरून मग माझ्याकडे देतो. बाळाशी घरातलं प्रत्येक माणूस बोलतं, असं भागूबाई सांगते. मनकर्णाबाईंना मात्र त्याच्या पाळण्याजवळ जाऊ देत नाहीत. रविराजची तशी ताकीद आहे. भिंतीपलीकडून त्यांना त्याचे हुंकार ऐकू येतात.

मनकर्णाबाईंचा फोन सोमवारी येतो, बाजाराच्या दिवशी, घर रिकामं असताना.

"ताई, ती तुमची पुन्याची डॉक्टरीन काय म्हनली का? मुळातच हुतं का काय, ते?"

"नक्की सांगता येत नाही, आत्याबाई."

"एकदा बघा की परत."

"बघते," मी म्हणते.

संस्कृती मागे पत्ते लावत असते. ससा सशात, असं ती मोठ्यानं म्हणते. परवा दोन ससे बरोबर डब्यात पडले, तिसरा होडीत गेला. मनकर्णाबाईंना तो आवाज ऐकू जातो, कारण त्या बोलायच्या थांबतात.

दोन ससे बरोबर पडले, ते मी त्यांना सांगत नाही. फोन मात्र दर सोमवारी उचलते.